म्झेकाला

तेलावीच्या नोंदणी कचेरीत
मधमाश्या पाळणाऱ्या इओरामनं टोपी काढली,
म्हणाला, लिहा: म्झेकाला.

माझं पेन अडलं.
म्झे म्हणजे सूर्य, पुढचं म्हणजे बाई,
इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.
ठेवत मात्र कुणी नाही.
जुनी वही चाळली. शेवटची एकसष्ट सालातली,
समोर तांबड्या शाईत: मयत.

शाळेत हसतील हो तिला.

हसू देत.
आमच्या दरीत नोव्हेंबरात डोंगराआड गेलेलं ऊन
फेब्रुवारीतच परततं.
ही जन्मली त्या सकाळी
गोठ्याच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं. एवढं.

त्यानं वीत ताणून दाखवली,
नखांत मेण.

नियम म्हणून अक्षरं पुन्हा विचारली.
नियम कसला,
मला ते नाव
त्याच्या तोंडून
आणखी एकदा हवं होतं.