बेटाची वरची बाजू

बाकीसिओने एकतीस वर्षं हे बेट आतून पाहिलं.
शिसं कुठे, जस्त कुठे, पाणी कुठून झिरपतं,
कुठला खडक इमानी, कुठला दगा देणार,
सगळं तोंडपाठ.
वरचं विचाराल तर
घर, चर्च, खाणीचं फाटक,
आणि एकदा इस्पितळ.

खाण बंद झाली, हातात पैसे आले.
मी म्हटलं, कौलं बदलू.
तो ओल्बियाच्या बंदरावर गेला
आणि एका म्हाताऱ्या जर्मनाकडून
मोटरहोम घेऊन आला.
पांढरं, एका कुशीवर चेपलेलं,
पडद्यांना अजून दुसऱ्या कुणाच्या कॉफीचा वास.
"घे बोनारिया," म्हणाला, "याला कौलंच नाहीत."

पहिल्याच घाटात फ्रिजचं दार उघडलं
नि टोमॅटो घरभर हिंडले.
घरभर म्हणजे साडेपाच पावलं.
उजवं वळण आलं की उजवं कपाट धरायचं,
हे मला कुणी शिकवलं नाही.

रात्री निजण्याआधी
तो बोटांच्या पेरांनी छतावर तीनदा ठोकतो
आणि कान लावतो.
खाणीतली सवय: चांगला खडक खणखणतो,
सुटलेला खडक बद्द बोलतो.
प्लायवूड बापडं रोजच बद्द बोलतं.
तरी तो म्हणतो, "आज टिकेल,"
आणि दिवा मालवतो.

गालुरात वाऱ्याने दगड पोखरलेत,
घराएवढे गोळे, आतून रिकामे.
एकात तो वाकून शिरला,
कड चाचपली, बाहेर येऊन म्हणाला,
"नीट काम आहे. आणि सुरुंग नाही."

पुढे बुचाच्या झाडांचं रान.
खालून सोललेली खोडं, वाळल्या रक्ताच्या रंगाची,
आणि प्रत्येकावर चुन्याने एक आकडा:
कुठल्या साली साल काढली, त्याचा.
कुऱ्हाड पुसत प्रेदू म्हणाला,
"आता दहा वर्षं हात लावायचा नाही.
झाडाला विसरायला तेवढी लागतात."
मी बाकीसिओच्या पाठीकडे पाहिलं.
तिच्यावर कुणीच आकडा लिहिला नव्हता.

बार्बाजियात रस्ता मेंढ्यांचा.
आम्ही पाऊण तास त्यांच्या मागे,
घंटांच्या चालीने.
मेंढ्यांची मालकीण आत आली, पलंगावर बसली,
दोनदा उसळून पाहिलं,
न्हाणीघराचं दार उघडून लावलं.
"आणि कुत्री कुठे निजतात?"
कुत्री नाहीत म्हटल्यावर
तिला आमची इतकी कीव आली
की तिने अख्खा चीजचा गोळा दिला.

काब्रासच्या खाजणात रोहित उभे होते, हजारभर,
चिखलात मान घालून.
तो बराच वेळ बघत राहिला.
"हेही खालचंच शोधतात," म्हणाला,
"पण कपडे बघ त्यांचे."

मग पिशिनासची वाळू.
टेकड्याच टेकड्या, सरकत सरकत समुद्रापर्यंत,
आणि मध्येच गंजलेले रूळ,
त्यांवर खनिजाचे डबे, अर्धे गाडलेले.
मी म्हटलं, चल, पुढे जाऊ.
तो उतरला.
एका डब्याला टेकून बसला,
ओंजळीने त्यातली वाळू उपसायला लागला.
वारा तेवढीच परत भरत होता.
मी हाक मारली नाही.
पास्ता शिजवला, झाकून ठेवला,
मग झाकण काढून एकटीच जेवले.

अंधार पडल्यावर आला.
बूट न काढता आडवा झाला, आणि झोपला.
ठोकलं नाही.

समुद्राकडून मिस्त्राल सुटला.
पडदे, कपाटं, चमचे, सगळं घर बोलायला लागलं.
मी जागी. एक वाजला, दोन वाजले.
शेवटी गुडघ्यांवर उठले,
छतावर तीनदा ठोकलं,
कान लावला.
मला काय कळणार त्यातलं?
"आज टिकेल," मी म्हटलं.

त्याने कूस बदलली.
बुटातून थोडी वाळू
चादरीवर सांडली.