डावीकडची खोड

एनो लाहतीनं रायफल काउंटरवर ठेवली
जुन्या ब्लँकेटात गुंडाळलेली,
आजारी मांजर दवाखान्यात आणावं तशी.
"हिल्माची आहे," म्हणाला. "डावीकडे जाते."

बावीसची, कारखान्यातली, हजारांतली एक.
सहासष्ट साली हॅनकॉकच्या हार्डवेअर दुकानातून
बर्फाच्या फावड्यासोबत घेतलेली.
पावती अजून दस्त्याच्या तळपट्टीखाली.
कारखाना वाईट नव्हता. शुक्रवारची दुपार असावी
आणि शेवटच्या माणसाला घरी जायची घाई.

मी आधी काहीच करत नाही. हे बाबांचं.
दुकानामागं, पन्नास यार्डांवर कागद लावला,
रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून पाच गोळ्या झाडल्या.
चार भोकं डावीकडे, घड्याळाच्या तबकडीएवढ्या जागेत,
पाचवं आणखी डावीकडे, रुसून बसलेलं.
पुन्हा पाच. पुन्हा तेच.
म्हणजे वारा नाही, मी नाही,
हिचंच काही दुखतंय.

नळी आणि लाकूड यांच्यामधून किराण्याचं बिल सरकवलं:
अर्ध्यात अडकलं.
लाकूड नळीला कोपरानं ढोसत होतं तेव्हापासून,
तळ्याकडून धुकं आलं की जरा जास्त.
नळीच्या तोंडाशी भिंग धरलं. काठावर एक कुसळ.
गोळीला जग दिसायच्या आधीचा शेवटचा स्पर्श
त्या कुसळाचा.
आणि चाप सहा पौंडांचा, खरखरीत,
वाळूत रुतलेलं दार ओढावं तसा.

मग चार दिवस.
लेथवर नळीचं तोंड नव्यानं कापलं,
पोलादाचे कुरळे केस स्वेटरच्या बाहीला चिकटले,
ते अजून रात्री उशीवर सापडतात.
बोल्टचा ढिलेपणा काढला, दोन हजारांश,
काडतुसाच्या कडेला हवी तेवढीच जागा ठेवली.
चापाची टोकं तेलदगडावर घासली. किती?
कमी. इथं हात आवरणं हीच कारागिरी;
फार घासलेला चाप कुणाचंही ऐकतो,
नुसत्या धक्क्याचंसुद्धा.
लाकडात जिथं यंत्रणा टेकते तिथं इपॉक्सी भरलं,
रात्रभर हीटर चालू ठेवला. बिलाचा विचार केला नाही.
सकाळी ती सुटली, ट्रेमधून बर्फाचा खडा सुटावा तशी, टक्.

माशी गंजून बसली होती. पितळी ठोकणीनं मध्यावर आणली.
पाच गोळ्या. एकच फाटकं भोक, करंगळीच्या नखाएवढं,
बरोबर मध्ये.
मी कुणाला तरी दाखवायला वळले. दुकानात कुणी नव्हतं.

एनो शनिवारी आला.
कुंपणावर सूपचे डबे मांडले,
टोपी मागं सारली, श्वास अर्धा सोडला.
गोळी डब्याच्या उजवीकडून बर्फात.
दुसरीही. तिसरीही.
"आता उजवीकडे जाते," तो म्हणाला,
आणि बोलता बोलता थांबला.

नऊ वर्षांचा होता तेव्हा थोरल्या बहिणीनं शिकवलेलं:
उजव्या काठावर धर, मध्ये लागेल.
तिला कधी वाटलंच नाही की चूक पोलादाची आहे.
तिनं चुकीच्या मापानं नेम कापून घेतला,
मग भावालाही तोच शिवून दिला.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात.
अक्रोडाच्या खोडाची मी चार दिवसांत घालवली.
हिल्माची, तिला पुरून आठ महिने झाले,
त्याच्या उजव्या खांद्यात होती.

"माशी परत सरकवू का जराशी?" मी विचारलं.
ठोकणी हातातच होती.
त्यानं बराच वेळ डब्यांकडे पाहिलं.
"नको," म्हणाला. "पावती तेवढी परत आत ठेव."

आता दर शनिवारी येतो,
मेणाळलेल्या गोळ्यांची एक डबी घेऊन, पन्नासची.
हळूहळू मध्यावर येतोय.
पहिली गोळी मात्र अजून उजवीकडेच जाते.
कागद मोजायला माझ्याकडे देतो तेव्हा
ते भोक मी धरत नाही.