कुळे, एकास सत्त्याऐंशी

सुलक्षाच्या चहाचा चोथा
उन्हात वाळवून त्याची खडी केली.
अंगणातली तांबडी माती गाळली तलम ओढणीतून,
ओढणीही तिचीच, हे मागाहून निघालं.
तारेचे खांब माडाच्या हिराचे.
दूधसागर कापूस आणि फेविकॉलचा,
तीनदा वाळला, तीनदा पिवळा पडला.

कायतान दर आयतारी मिस आटोपून येतो.
बत्तीस वर्षं याच घाटात गार्ड.
हात पाठीशी बांधून प्लायवूडभोवती फिरतो,
तपासणीला आल्यासारखा.
पाण्याची टाकी उचलून डावीकडे ठेवतो.
रुळांवर आडवं बोट धरतो:
"मीटरगेज होतं रे ते. हे रुंद."
दोन महिन्यांचे रूळ उपटले मी,
बारा मिलिमीटरवर पुन्हा ठोकले.

कपाटाजवळच्या वळणावर
शेवटचा डबा तरी घसरतोच.
"तिथं खरा पण घसरायचा," म्हणतो. "राहू दे."

काल त्याला न सांगता
त्या डब्याच्या दारात एक गार्ड उभा केला.
अर्ध्या काडीएवढा. पांढरा गणवेश, हिरवं निशाण,
एका केसाच्या कुंचल्यानं काढलेली मिशी.

कायताननं चष्मा कपाळावर चढवला,
चिमटीत धरून त्याला डोळ्याशी नेलं.
खाली सुलक्षाची कुकरची शिटी झाली, दुसरी झाली.
मग नखानं मिशी खरवडली
आणि गार्डाला उलटा फिरवून ठेवला,
तोंड मागे राहिलेल्या रुळांकडे.
"पुढचं ड्रायव्हर बघतो," एवढंच.

मी स्विच दाबला.
कपाटापाशी डबा घसरला.
"बघ!" कायतान म्हणाला,
खुशीत.