रिकामी यादी

औलूत जानेवारीत तीनलाच अंधारतं.
तेल्लेर्वो दिवा लावते आणि स्टँडर्ड लायब्ररीचं
तेच पान पुन्हा उघडते:
‘यादीतली सर्वांत लहान संख्या देते.’

बस्. अकरा वर्षं एवढंच.
लिहिणाऱ्याला वाटलं असणार,
हातच्या कांकणाला आरसा कशाला.

पण यादी रिकामी असली तर?

आधी बावीस वर्षं तिने
औषधांच्या खोक्यातली घडीची चिठ्ठी लिहिली.
एक गोळी चुकली तर काय,
हे डॉक्टरला विचारायचं राहूनच जातं.
मग रात्री दोनला, ओट्यापाशी उभं राहून,
माणसं चिठ्ठी उलगडतात.

ती फंक्शनला रिकामी यादी देऊन पाहते.
शून्य.
तक्रार नाही, इशारा नाही,
जणू शून्य तिथे होतंच.

याच शून्यावर विसंबून
गेल्या हिवाळ्यात केमीतल्या एका शाळेची घंटा
उणे सव्वीसात पोरांना अंगणात सोडत राहिली.
तापमापक आदल्या रात्रीच बंद पडलेला.
ओस्मो शिपायाने दार उघडलं,
आणि मिशीवर दहिवर धरलं, म्हणून कळलं.

तेल्लेर्वो लिहिते:
‘यादी रिकामी असेल तर शून्य मिळतं.
हे शून्य मोजलेलं नसतं.’

तपासणारा विचारतो,
दुसरं वाक्य हवंच का?

हवं, ती कळवते.
कॉफी गार झालेली. तशीच पिते.
खाली पुढचं फंक्शन:
‘यादीतली सर्वांत मोठी संख्या देते.’