दोन बोटं खोल

आमच्या तुतीच्या बुंध्यावर, गुडघ्याच्या जरा वर
एक घाव आहे. दोन बोटं खोल.
आता सालीनं त्याला ओठ फुटलेत,
पोरं त्यात चॉकलेटचे कागद लपवतात.

घाव बाबांचा.
त्या हिवाळ्यात लढाईनं खोऱ्यात यायचा रस्ता बंद केला.
कोळशाचा ट्रक नाही, गव्हाची गोणी नाही,
पंज नदी काठाकाठानं गोठत आलेली,
आणि पलीकडच्या अफगाण गावातला धूर
आमच्यापेक्षा दाट दिसायचा,
म्हणून आई तिकडे बघायचीच नाही.

नेककदमनं त्याचं जर्दाळूचं झाड तोडलं. मग अक्रोडाचं.
मग रात्री-अपरात्री कुऱ्हाडी ऐकू येऊ लागल्या
आणि सकाळी कुणी कुणाला विचारायचं नाही.

जेवायला तुतीचं पीठ.
उन्हाळ्यात चादरीवर झोडलेल्या,
गांधीलमाश्यांशी भांडून छपरावर राखलेल्या पांढऱ्या तुत्या,
दगडावर कुटून केलेलं. तपकिरी, चिकट.
सकाळी गोड. रात्री गोड.
गोडाचाही वीट येतो हे मला नवव्या वर्षी कळलं.
कोरडंच तोंडात टाकायचं आणि बोलायचं नाही,
हसायचं तर मुळीच नाही, ठसका लागतो.
शोदमोन एकदा हसला. नाकातून पीठ आलं.
आई रागावली, ती सांडलेल्या चिमटीसाठी.

बाबा कुऱ्हाड घेऊन बाहेर गेले तेव्हा
आम्ही तिघं एका रजईत होतो.
ठक्.
मी दुसऱ्या आवाजाची वाट पाहिली.
अजून पाहते कधीकधी, झोप येत नसली की.

आत येऊन म्हणाले, धार बोथट झालीय.
त्याच बोथट धारेनं मग त्यांनी
घराचं दार फोडलं,
आजोबांनी सूर्य कोरलेलं,
सावकाश, एकेक फळी.
तीन रात्री पुरलं.
चौकटीत आईनं लग्नातला गालिचा टांगला.
येणाऱ्याला वाजवायला काही उरलं नाही,
म्हणून मार्चपर्यंत लोक बाहेर उभं राहून खोकायचे.

आता दार लोखंडी आहे, कुलूप चिनी.
शोदमोन मॉस्कोहून फोन करतो.
बांधकामावर असतो, मागे यंत्रं घरघरत असतात.
विचारतो, पिकली का?
मी म्हणते, पडतायत. ऐक.
आणि फोन छपरावर ठेवून देते.
टप्.
बराच वेळ काही नाही.
टप् टप्.
पैसे जात असतात त्याचे.
तरी तो बोलत नाही,
तोंडात पीठ असल्यासारखा.