केसांची बाजू

फोर्टातल्या ग्रंथालयात, तिसऱ्या मजल्यावर,
डिह्युमिडिफायर घुरघुरतोय.
त्याच्या पोटातली बादली मी दिवसातून दोनदा ओतते,
मुंबईची हवा, पाणी झालेली.

टेबलावर आठशे वर्षांची पोथी. ग्रीक.
चर्चमध्ये वाचायची शुभवर्तमानं,
येशूच्या आयुष्याच्या क्रमाने नाहीत,
वारांच्या, सणांच्या हिशोबाने लावलेली.
हे तुस्कानो सरांनी सांगितलं.
मला त्यातलं अक्षर कळत नाही.
मला कातडं कळतं.

हे बकरीचं. ही केसांची बाजू, किंचित पिवळी,
बोटाखाली अजून बारीक टिपके लागतात.
ही मांसाची, पांढरी.
आर्द्रता वाढली की पान पाठ वर काढतं,
पुन्हा जनावर व्हायला बघतं.
मी वजन ठेवते. फार नाही.

एकोणचाळिसाव्या पानात भोक आहे, डोळ्याएवढं.
जिवंतपणी गोचीड चावली असणार,
मग चौकटीवर ताणताना डाग फाकत गेला.
लिहिणाऱ्याने शब्द मधोमध तोडला,
अर्धा अलीकडे ठेवला, अर्धा पलीकडे.

धारावीत बाबा असलं कातडं उजेडासमोर धरायचे
आणि कोपऱ्यात फेकायचे : दोन नंबर!
हाताला चुन्याचा, मिठाचा, बाभळीच्या सालीचा वास.
माझ्या दप्तरालाही तोच.
शाळेत माझा बाक कायम ऐसपैस.

इथे हातमोजे नकोत म्हणतात,
धुतलेली बोटंच बरी, बोटांना कळतं.
बाबाही हेच म्हणायचे.
त्याचं प्रमाणपत्र मिळत नव्हतं एवढंच.

काल सर वसईहून आले.
ओळींच्या डोक्यावर तांबड्या शाईचे आकडे,
चुकून भलतीकडे पडलेल्या वेलांट्यांसारखे.
"आवाजाच्या खुणा," म्हणाले,
"इथे चढायचं, इथे टेकायचं."
म्हणून दाखवा ना, म्हटलं.
ते चाचरले. नेमकी चाल
आता कुणालाच ठाऊक नाही, म्हणाले.
मग चष्मा पुसला, आणि एक ओळ म्हटली,
हळू, प्रार्थनेला उशिरा पोचलेल्या माणसासारखी.
भोकापाशी आले
आणि शब्दाच्या ऐन मध्यावर
त्यांनी श्वास घेतला.

तिथे तांबडी खूण नव्हती.

अहवालात दोषांसाठी वेगळा रकाना आहे.
पान एकोणचाळीस. पुढे
मी अजून काही लिहिलेलं नाही.
बादली भरली असेल.