लाभ, दोन, तीन

वसमतच्या मोंढ्यात बाबा हळद मोजतात.
पहिलं पोतं काट्यावर चढलं की 'एक' म्हणत नाहीत,
म्हणतात, लाभ.
मग दोन, तीन, चार,
बाविसाव्याला घसा खाकरून पुन्हा पुढं.

एकोणीस वर्षांच्या वह्या.
कडा पिवळ्या पडलेल्या,
जुनेपणानं की हळदीनं, ते वेगळं काढता येत नाही.
सोनटक्के सर म्हणाले, प्रकल्पाला अजून काय पाहिजे?
दिवाळीच्या सुट्टीत बसले भरायला.

पहिल्याच ओळीला संगणक अडला.
आकड्यांच्या रकान्यात त्याला 'लाभ' चालेना.
खोडलं, एक लिहिलं.
असं चार हजार वेळा.
बाबांना सांगितलं नाही.

नमुना म्हणजे काय, हे वर्गात शिकायच्या आधीच माहीत होतं.
खरेदीदार पोत्यात पोकळ सळई खुपसतो,
दोन कांड्या मोडून वास घेतो
आणि पन्नास पोत्यांचा भाव बोलून मोकळा होतो.
सळई जाते थप्पीच्या वरच्या पोत्यात.
ओली, मातकट, गड्ड्याची
असते खालच्या थराला.
हेच सरांच्या पुस्तकात जाड ठशात होतं,
बाबांच्या तोंडी शिवीत.

एक नातं सापडलं.
वहीच्या मागच्या पानांवर गफारभाईच्या चहाचा हिशेब:
आवक वाढली की कप वाढतात.
शून्य पूर्णांक एक्क्याऐंशी!
मी पळत ओट्यावर गेले सांगायला.
बाबा म्हणाले, "मंग चहा बंद केला
तर हळद यायची थांबंल का?"

मग दिवसांचे गट पाडले.
संगणकानं तीन ढीग केले, नावं न देता.
बाबांनी सदऱ्याला चष्मा पुसला.
"हे लगनसराईचे. हे पाडव्यानंतरचे.
आन् हे… हे नुसतेच उगवलेले."
जरा थांबून,
"तीनच कामून?"
मी तीन सांगितले म्हणून.
"मंग त्याला काय कळलं?"

कोरी पानं होती अधूनमधून.
रिकामी जागा दिसावी म्हणून
मी तिथं नऊशे नव्व्याण्णव टाकलं, नुसती खूण,
आणि विसरले.
सरासरी काढली तर बाबा रोजची पंधरा पोती जास्त मोजणारे निघाले.
सर हसले. मीही हसले.
जे घडलंच नाही
त्यानंच सगळ्यात जास्त वजन टाकलं होतं.

खुणा पुसत गेले तेव्हा दिसलं,
एका जून महिन्यात सलग अकरा पानं कोरी.
बाबा म्हणाले, मोंढा बंद होता.
पण गफारभाईचा चहा त्या अकरा दिवसांतही लिहिलेला आहे,
रोज चार कप,
बाबांच्याच अक्षरात.

म्हणजे बाबा तिथं होते.
मोजत नव्हते.

पर्याय दोनच सुचवले होते यंत्रानं:
ओळ गाळा, किंवा सरासरीनं भरा.
मी विचारलं नाही पुन्हा.
बाबा पंख्याकडं बघत होते, पंखा बंद होता.

बाराव्या दिवशीच्या पानावर
वेगळ्या शाईत, रेघेच्या जरा वर,
लाभ.

तो एवढा मी एक केला नाही.
रकाना लाल झाला,
बेरजेत ते पोतं धरलं गेलं नाही.
सरांनी तेवढ्यासाठी दोन गुण कापले.